ठेवणीतले कपडे आणि बंगळुरूची हवा

महाराष्ट्रातून बंगळुरूला येऊन स्थिरावलेली घरं साड्या-शालींबरोबर त्या जपायचं वेळापत्रकही आणतात. वाळवणं आटोपली, कुरडया-पापड डब्यात गेले, की त्याच उन्हात ठेवणीतले कपडे बाहेर काढायचे, झटकायचे आणि मृगाच्या आत पुन्हा कपाटात ठेवायचे. पुण्या-सोलापूरच्या कोरड्या चैत्र-वैशाखाला हे वेळापत्रक अगदी योग्य आहे. बंगळुरूत मात्र त्यानेच घात होतो. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच असलेल्या या शहरात एप्रिल-मे म्हणजे संध्याकाळच्या वळिवाचे महिने. दुपारी कडक ऊन दिसतं, म्हणून साड्या पसराव्यात, तर तासाभरात आभाळ भरून येतं आणि हवेतला ओलावा रेशमात मुरतो. तोच ओलावा घडीत बंद होऊन पुढचे काही महिने कपाटात राहतो. मग गौरींच्या वेळी पैठणी उघडावी, तर कुबट वास येतो आणि काठावर पांढुरके ठिपके दिसतात.

इथली हवा लोकांना फार आवडते, मलाही आवडते. पण कपड्यांच्या दृष्टीने ती फसवी आहे. मुंबईचा दमटपणा अंगाला जाणवतो म्हणून माणूस सावध असतो. बंगळुरूत थंडावा असतो, घाम येत नाही आणि त्यामुळे ओलावा लक्षातच येत नाही. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत पाऊस कमी-अधिक येत राहतो, सप्टेंबर हा सर्वांत जास्त पावसाचा महिना आणि त्या दिवसांत सकाळची सापेक्ष आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशीला ६५ ते ७० टक्केही पुरतात. बंद कपाट, न हलणारी हवा आणि भिंतीचा गारवा मिळाला की बाकीचं काम ती स्वतः करते.

म्हणून पहिली सूचना तारखांची. बंगळुरूत कपड्यांना हवा देण्याचा काळ म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंत. या दिवसांत दुपारी हवा खरोखर कोरडी असते. मार्चमध्ये तर आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते. आपल्या सणांशीही हे छान जुळतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, ठेवणीतल्या साड्या नाहीतरी बाहेर येतात. रथसप्तमी झाली की त्या तशाच परत न ठेवता, सगळं कपाट रिकामं करून एकदाच हे काम उरकावं. पाऊस संपल्यावर, डिसेंबरातल्या एखाद्या स्वच्छ दुपारी, दुसरी छोटी फेरी करता येते. मात्र डिसेंबरात सकाळी दव आणि धुकं असतं. अकरापूर्वी काही बाहेर काढू नका आणि चारच्या आत सगळं आत घ्या.

हवा देणं म्हणजे उन्हात टाकणं नव्हे. रेशमाचा मोठा शत्रू प्रकाश आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनी रेशमाचा धागा ठिसूळ होतो आणि रंग उडतो, आणि ही झीज पुन्हा भरून येत नाही. वस्त्रसंग्रहालयांत दालनं इतकी अंधारी ठेवतात ती याचसाठी. जुन्या वस्त्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये असा तिथला दंडक आहे. बंगळुरूच्या उंचीवर ऊन सौम्य वाटलं, तरी त्यातले हे किरण सौम्य नसतात. तेव्हा साडी खोलीत, पंख्याखाली, स्वच्छ चादर घातलेल्या पलंगावर किंवा दोरीवर जाड सुती कापड टाकून त्यावर पसरावी. दोन-तीन तास पुरे. पांढरं सुती धोतर, उपरणं, लोकरीचे कपडे यांना अर्धा-पाऊण तास ऊन दिलेलं चालतं. लोकरीला तर ते हितकारकच, कारण कसरीच्या अळ्यांना उजेड सोसत नाही आणि झटकताना, ब्रश फिरवताना त्या गळून पडतात.

नासाडी सुरू होते ती कपडा नेसल्या दिवशी

ठेवणीतला कपडा कपाटात खराब होतो असं आपण म्हणतो. खरं तर तो नेसल्या दिवशीच खराब व्हायला लागतो, कपाटात फक्त ते दिसून येतं. लग्नात पैठणी नेसली, चार तास घामात, गर्दीत, जेवणाच्या पंगतीत वावरलो, घरी येऊन घडी घातली आणि «एकदाच तर नेसली» म्हणून तशीच ठेवून दिली. घामातले क्षार रेशमाला कुरतडतात. अत्तरातलं आणि फवाऱ्यातलं अल्कोहोल रंगावर डाग पाडतं. सरबताचा न दिसणारा थेंब काही महिन्यांनी तपकिरी होऊन उठतो. आणि कसरीला हेच हवं असतं: नुसत्या रेशमापेक्षा घामाने, तेलातुपाने माखलेलं रेशीम तिला जास्त आवडतं. एरवी ती ज्या सुती कापडाकडे ढुंकूनही पाहत नाही, तेसुद्धा असं मळलेलं असेल तर कुरतडते.

म्हणून नेसल्या रात्री साडी घडी न घालता पसरून ठेवा. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात ती हातभर-हातभर सरकवत नीट बघा. पदर, कमरेजवळचा भाग, निऱ्या आणि खालचा काठ. खालच्या काठाकडे मी विशेष लक्ष वेधते, कारण फॉल ही साडीतली सगळ्यांत मळकी जागा असते आणि ती आतल्या बाजूला असल्यामुळे कोणी बघत नाही. कार्यालयाच्या आवारातली धूळ, ओल्या फरशीचा चिखल, पायाचं तेल हे सगळं फॉलमध्ये साठतं. जपायच्या साडीचा फॉल दोन-चार वर्षांनी उसवून नवा लावून घ्यावा. खर्च किरकोळ असतो आणि काठाचं आयुष्य वाढतं. नवा सुती फॉल लावण्याआधी पाण्यात भिजवून आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आकसतो आणि काठ गोळा होतो.

ब्लाउज नेहमी वेगळं. बगलेतला घाम हा रेशमाला सर्वांत घातक आहे, म्हणून ब्लाउज साडीच्या घडीत खोचून ठेवण्याची सवय मोडा. अस्तर सुती लावा, बगलेत काढता येण्यासारख्या सुती पट्ट्या लावून घ्या आणि प्रत्येक वेळी निदान अस्तर तरी स्वच्छ करा.

आपल्या सणांचे डाग ठरलेले. तूप-तेल सांडलं तर पाणी लावू नका. टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने झटका, गरज पडली तर पुन्हा करा. हळदीला साबण लावायचा मोह टाळा, कारण क्षार लागताच हळद लाल होते. पांढऱ्या सुती कपड्यावरची हळद उन्हात आपोआप फिकी पडते, पण रंगीत रेशीम तेवढ्यासाठी उन्हात टाकलं तर हळदीबरोबर साडीचाही रंग जातो. तिथे डाग कसला आहे हे सांगून चांगल्या ड्रायक्लीनरकडे द्यावं. कुंकू कोरडं असेपर्यंत झटकून टाकता येतं. ओल्या बोटाने चोळलं की ते धाग्यात उतरतं. संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेवर हलव्याच्या दागिन्यांचे साखरेचे कण चिकटलेले असतात, बोरन्हाणाच्या झबल्यावरही असतात. ते नीट झटकले नाहीत तर कपाटात मुंग्यांची रांग लागते. हलव्याचे दागिने स्वतः हवाबंद डब्यात, कपड्यांच्या कपाटाबाहेर ठेवावेत.

पूजेचं सोवळं, मुकटा, कद, पितांबर यांचं दुखणं निराळं आहे. ते वर्षातून चार-पाच वेळा नेसले जातात, प्रत्येक वेळी होमाचा धूर, तुपाचे थेंब, पंचामृत अंगावर घेतात आणि सोवळ्याचं म्हणून इतर कपड्यांबरोबर धुतले जात नाहीत. बऱ्याच घरांत ते वर्षानुवर्षं नुसते वाळवून ठेवले जातात. जरी नसलेलं साधं रेशमी सोवळं घरच्या घरी रिठ्याच्या पाण्याने उत्तम धुता येतं. रिठे रात्री भिजवून, सकाळी कुस्करून, गाळून घ्यावेत. पाणी गार असावं. कपडा चोळू-पिळू नये, पाण्यात फक्त वर-खाली हलवावा. आधी एका कोपऱ्याला ओलं पांढरं कापड दाबून रंग उतरतो का ते बघावं. इथे बंगळुरूची एक अडचण आड येते. अनेक सोसायट्यांत कावेरीचं पाणी अपुरं आणि बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी भरपूर. जड पाण्यात साबण लावला तर त्याचा चिकट थर रेशमावर बसतो आणि कपडा निस्तेज होतो. रिठ्याने हा त्रास पुष्कळ कमी होतो, तरी शेवटचं खळबळणं तेवढं कावेरीच्या किंवा शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यात करावं. एक बादली पाणी लागतं, पण रेशमाचं तेज टिकतं.

पैठणी, शालू, कांजीवरम, जरीची म्हैसूर सिल्क या घरी धुवायच्या वस्तूच नव्हेत. घरात पेट्रोलने साडी धुण्याचा उद्योग तर कोणीही करू नये. त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. ड्रायक्लीनरकडून कपडा आला की त्याचं प्लास्टिकचं आवरण घरात पाऊल टाकताच काढा. आत द्रावकाची वाफ कोंडलेली असते. एक दिवस मोकळ्या हवेत राहू द्या. आणि देतानाच सांगा: खळ नको, गोंद नको. रोल-पॉलिश करून आलेली साडी कडक, चकचकीत दिसते खरी, पण त्यातल्या खळीवर चंदेरी कसर म्हणजे ती सळसळणारी रुपेरी कीड पोसली जाते. दुसऱ्या दिवशी नेसायची असेल तर पॉलिश करा. सहा महिने ठेवायची असेल तर अजिबात नको. हेच नियम इस्त्रीच्या कडक धोतराला आणि खळीच्या सुती साड्यांनाही लागू.

जरीचं ऐका

जरी काळी पडते म्हणजे काय होतं, हे कळलं की अर्ध्या चुका आपोआप टळतात. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची अगदी बारीक चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. म्हैसूरच्या ज्या गिरणीत १९१२ सालापासून रेशीम विणलं जातं आणि जी आज कर्नाटक सिल्क इंडस्ट्रीज कॉर्पोरेशनकडे आहे, तिथल्या जरीत ६५ टक्के चांदी आणि ०.६५ टक्के सोनं असल्याचं महामंडळ सांगतं. म्हणजे सोनं नावाला. काळी पडते ती चांदी आणि तिला काळं करतो गंधक. घरात गंधक येतो कुठून? घडीला लावलेल्या रबरबँडमधून, रस्त्यावरच्या धुरातून आणि लोकरीतून. होय, लोकरीतूनही. म्हणून पश्मिना शाल किंवा स्वेटर जरीच्या साडीला लगटून एकाच गाठोड्यात ठेवू नये. आऊटर रिंग रोडसारख्या वाहत्या रस्त्याला लागून घर असेल, तर रस्त्याकडच्या खोलीत जरीचं कपाट नको.

हलक्या जरीत तांब्याची तार असते, ती हिरवट होते. प्लास्टिकची जरी काळी पडत नाही, पण गरम इस्त्रीने आक्रसते. साडीवर सिल्क मार्क असेल तर तो फक्त रेशीम अस्सल असल्याचं सांगतो. ही खूण देणारी संस्था बंगळुरूतच मुख्यालय असलेल्या केंद्रीय रेशीम मंडळाची आहे. जरीबद्दल दुकानदाराला वेगळं विचारा आणि बिलावर लिहून घ्या. पुढे वीस वर्षांनी साडीची काळजी कशी घ्यायची, हे त्या एका ओळीवर ठरतं. काळवंडलेली जरी टूथपेस्ट, चिंच, लिंबू, सोडा यांनी घासायचे उपाय लोक सांगतात. त्यातला एकही करू नका. मुलामा निघून जातो, खालची तार उघडी पडते आणि काही महिन्यांत आधीपेक्षा जास्त काळी होते.

जरीचा दुसरा शत्रू म्हणजे घडी. तार रेशमाइतकी लवचिक नसते. त्याच त्या रेषेवर वर्षानुवर्षं दुमडली की तुटते, टोचू लागते आणि मग त्या रेषेवर रेशीमही उलतं. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. चार बोटं पुढे-मागे सरकवली तरी पुरेसं आहे, एकदा तीन पदरी आणि एकदा चार पदरी केली तर अधिक उत्तम. घडीच्या आत, वळणाच्या जागी, मऊ सुती कापडाची सैल गुंडाळी घाला म्हणजे धारदार रेघ पडत नाही. पैठणीच्या भरजरी पदरासाठी हे न चुकता करा, कारण सगळं वजन तिथेच असतं. पदर बाहेरच्या बाजूला न ठेवता आत घ्या. जरीवर थेट इस्त्री नको, अत्तर नको, सेफ्टी पिन तर नकोच; गंजलेल्या पिनेचा डाग आणि भोक दोन्ही राहतात.

फार जुनी, आजीची वगैरे साडी असेल तर घडीपेक्षा गुंडाळी बरी. चिकपेठेतल्या कापड दुकानांत ठाणाच्या पुठ्ठ्याच्या नळ्या मिळतात. पुठ्ठ्यात आम्ल असतं, म्हणून नळीवर आधी धुतलेल्या मलमलीचे दोन वेढे द्यावेत, मग साडीची उलटी बाजू नळीकडे ठेवून सैलसर गुंडाळावी, वरून पुन्हा मलमल. संग्रहालयांत अशीच पद्धत असते.

हँगरचं आकर्षण आवरा. जड पैठणी, कांजीवरम हँगरला लावली की वजनाने ताणली जाते आणि दांडीवर कायमची मोड पडते. म्हैसूर क्रेपचा धागा पिळाचा असल्याने तीही लोंबून सैल होते. हँगर कोट, शेरवानी, ब्लेझर यांच्यासाठी ठेवा, आणि तोही रुंद खांद्याचा लाकडी. तारेचा हँगर खांद्याला टोक काढतो आणि पावसाळ्यात गंजतो. भरतकाम केलेला लेहंगाही टांगू नका, जाळी फाटते. तो पेटीत आडवा, थरांमध्ये मलमल घालून.

कशात गुंडाळायचं, कुठे ठेवायचं

सगळ्यांत उत्तम आवरण घरातच असतं: अनेकदा धुऊन मऊ झालेलं पांढरं सुती धोतर, नऊवारीचं जुनं कापड, पंचा, उशीचा अभ्रा. नवी मलमल घेतली तर दोनदा गरम पाण्यात धुऊन तिची खळ काढा. रंगीत कापड नको. दमट दिवसांत त्याचा रंग साडीवर येतो. इरकलीच्या बाबतीत तर उलट बाजूनेही जपा, कारण गडद लाल, गडद हिरव्या इरकलीचा स्वतःचाच रंग सुटतो. ती फिकट रेशमाच्या शेजारी नको. गुळेदगुड्डच्या खणांचंही तेच.

वर्तमानपत्राच्या वासाने कीड येत नाही अशी जुनी समजूत आहे. शाई लागते, कागदातल्या आम्लाने कापड पिवळं पडतं, एवढं मात्र नक्की होतं. दुकानातून मिळालेलं प्लास्टिकचं चेनवालं पाकीट प्रवासापुरतं ठीक. कायमचं त्यात ठेवलं तर ओलावा आत अडकतो. निर्वात पिशव्यांत गाद्या-रजया ठेवा. रेशीम, लोकर, जरी ठेवू नका. परदेशी मुलांकडे जाण्यासाठी घेतलेली पिसांची जाकिटंही दाबून ठेवली की पिसांचा फुगा मरतो आणि पुढच्या थंडीत ऊब मिळत नाही. ती मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावीत. त्याच प्रवासासाठी घेतलेले चामड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम कापडाचे कोट-बूट मात्र काहीही केलं तरी दमट हवेत काही वर्षांत सोलपटतात. त्यांवर जास्त पैसे घालू नयेत, एवढंच सांगता येईल.

कपाटाची जागा बघा. बंगळुरूच्या बहुतेक फ्लॅटमध्ये भिंतीतली कपाटं असतात आणि त्यांतलं एखादं हमखास बाथरूमच्या किंवा पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला टेकलेलं असतं. हात लावून भिंत गार किंवा ओलसर वाटली तर तिथे बादल्या, सुटकेस, भांडी ठेवा. कपडे ठेवू नका. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं सोडून उभं करा, मागून हवा खेळू द्या. नव्या प्लायवूडच्या कपाटाला काही महिने वास येतो. त्यातली वाफ जरीलाही चांगली नाही. वास पूर्ण जाईपर्यंत भारी कपडे आत ठेवू नका, आणि मग फळ्यांवर धुतलेली सुती चादर अंथरा. सप्टेंबर २०२२च्या पुरात बेळ्ळंदूर, यमलूर, सर्जापूर रस्त्याकडच्या तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. त्या पट्ट्यात खालच्या मजल्यावर राहत असाल, तर ठेवणीतले कपडे कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात किंवा पलंगाखालच्या पेटीत ठेवू नका. साड्यांची चळत चार-पाचांपेक्षा उंच नको, आणि जड साडी तळाला.

काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं. ते कपाटातच ठेवा. काटा ६५च्या वर राहू लागला की कळतं की आता काहीतरी करायला हवं. कोरड्या दुपारी दारं तासभर उघडी ठेवा, पण बाहेर पाऊस असताना «हवा लागू दे» म्हणून उघडू नका. तेव्हा ओलावा आत शिरतो. सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या पेटीतच उपयोगी पडतात. गळक्या दारांच्या कपाटात त्या दोन दिवसांत भरून जातात. रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. ज्या डब्यांत खाली पाणी जमतं ते डबे जास्त ओढतात, पण ते पाणी म्हणजे क्षाराचं तीव्र द्रावण असतं आणि साडीवर सांडलं तर वाळत नाही. डबा नेहमी सर्वांत खाली, थाळीत, कपड्यांपासून दूर.

डांबरगोळ्या, वेखंड आणि चंदनाचा साबण

डांबरगोळ्यांबद्दल मी ठाम आहे: लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर त्या आणू नयेत. त्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफेने जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि जीवघेणी कावीळ होऊ शकते. डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी, शाली न धुता बाळाला गुंडाळल्याने असं घडल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. आजीच्या पेटीतली शाल बारशाला काढताना हे लक्षात असू द्या. युरोपीय संघाने २००८ मध्ये या गोळ्यांवर बंदी घातली आहे. ज्यांना वापरायच्याच आहेत त्यांनी कापडात बांधून सर्वांत वरच्या खणात टांगाव्यात, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली उतरते. कपड्याला स्पर्श नको. आणि डांबरगोळ्या व कापूर एकत्र कधीही नको. दोन्ही एकमेकांच्या सहवासात वितळतात आणि तेलकट डाग पडतात. एका कपाटात एकच.

आपल्याकडची वेखंडाची कांडी, वाळलेला कडुनिंब, लवंगा, वाळा हे सगळं चालेल, जर कोरडं असेल आणि पुरचुंडीत असेल. झाडावरून आणलेला ओला पाला घड्यांत घातला तर तो स्वतःच बुरशी आणतो. लवंगेचं तेल रेशमाला डाग पाडतं. बंगळुरूच्या घरांत म्हैसूर चंदन साबणाचं रिकामं वेष्टन साड्यांत ठेवायची जुनी चाल आहे, ती आता मराठी घरांतही रुजली आहे. १९१६ साली म्हैसूर संस्थानाने चंदनतेलापासून साबण काढायचं ठरवलं, तेव्हापासूनचा हा सुगंध. मलाही कपाट उघडल्यावर तो आला की बरं वाटतं. पण सुगंधाने पतंग थोडा बिचकतो, एवढंच. आत असलेली अंडी आणि अळ्या वासाने मरत नाहीत.

मग मरतात कशाने? कपड्यांत उडणारा फिकट सोनेरी पतंग स्वतः काही खात नाही, त्याला धड तोंडच नसतं. खातात त्या त्याच्या अळ्या, आणि त्या लोकर, रेशीम, केस, पिसं यांवर जगतात. भिंतीवर राखाडी चपट्या बीसारखी, दोन्ही टोकांनी उघडी पिशवी सरकताना दिसली, तर ती त्यांच्याच नात्यातली. ती प्रामुख्याने जळमटं खाते, पण दिसली की समजावं, घरात ओल आहे आणि कोपरे झाडायला हवेत. शालीला भोकं दिसली तर ती शाल लगेच पिशवीत बंद करून बाकी कपड्यांपासून दूर न्या, आणि मग घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर गार कपड्यावर दव जमतं. तेवढ्या काळात कपाट रिकामं करून फटी, बिजागऱ्यांमागच्या जागा, खणांचे कोपरे व्हॅक्यूमने ओढून घ्या. कसर राहते ती तिथे. जीर्ण झालेली किंवा खूप जुन्या जरीची वस्तू असेल तर फ्रीजरमध्ये घालण्याआधी जाणत्याला विचारा. शहरात कलावस्तूंच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या संस्था आहेत. जुनी साडी शंभर वर्षं कशी टिकते हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर १९७४ मध्ये एका आई-मुलीने सुरू केलेल्या विमोर या संस्थेच्या वस्त्रसंग्रहालयात एकदा जाऊन यावं.

बुरशीला पुसू नका. ओल्या फडक्याने ती आणखी आत शिरते. कपडा गॅलरीत नेऊन, तोंडावर मास्क लावून, पूर्ण वाळू द्यावा आणि मऊ ब्रशने एकाच दिशेने झटकावा. वास राहिला तर पुन्हा पुन्हा हवा द्यावी. एका दिवसात तो जात नाही. पुराचं किंवा गळतीचं पाणी लागलेली साडी मात्र घडीत वाळू देऊ नका. रंग एकमेकांत उतरण्याआधी ती पूर्ण उलगडून, स्वच्छ पाण्यातून काढून, पांढऱ्या चादरीवर सपाट पसरा आणि पंखा लावा. तिथे घाई महत्त्वाची.

बंगळुरूतली अनेक मराठी आई-वडील मंडळी आता पाच-सहा महिने मुलांकडे परदेशी जातात, आणि ते महिने बहुधा मे ते ऑक्टोबर, म्हणजे नेमके पावसाचे असतात. जाण्याआधी सगळे ठेवणीतले कपडे धुतलेले, कोरडे आणि मलमलीत असावेत. प्रत्येक गाठोड्यावर सुती पट्टीला शिवलेली एक चिठ्ठी असावी: साडी कोणाची, कधीची, जरी खरी की कशी, घडी शेवटची कधी बदलली. घराची किल्ली ज्यांच्याकडे ठेवाल त्यांना महिन्यातून एकदा, ऊन असलेल्या दुपारी, कपाटाची दारं आणि खोलीतला पंखा तासभर चालू ठेवायला सांगा. आर्द्रतेचा आकडा फोनवर फोटो काढून पाठवला तरी पुरेल. आणि बाथरूमकडच्या भिंतीतलं कपाट रिकामं करूनच निघा.